जावई आणि टेरिलीन

लग्न ठरवताना मुलाचा पगार विचारतात, घराणं विचारतात, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारतात. पण मुलगा धनभारित आहे की ऋणभारित, हे कोणी विचारत नाही. माझ्या बाबतीत ते लग्नानंतर महिन्याभरात उघडकीला आलं. तेही सासुरवाडीत, रात्री दहा वाजता, सगळ्यांच्या देखत.

१९७५ सालची ती आमची पहिली संक्रांत. मी जन्माने आणि घामाने गिरगावकर, ही नागपूरची. मुंबईच्या माणसाला थंडी ही फक्त वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट वाटते. नागपूरच्या स्टेशनवर उतरल्याबरोबर ती माझ्या हाडांनी वाचली. सासूबाईंनी संक्रांतीचा म्हणून स्वतः विणलेला काळा लोकरी स्वेटर दिला आणि मी तो माझ्या नव्याकोऱ्या टेरिलीनच्या शर्टावर चढवला. टेरिलीनचा शर्ट हे त्या काळी मोठं प्रकरण होतं. तो चुरगळत नसे, त्याला इस्त्री लागत नसे, आणि आत अडकलेल्या घामाला तो बाहेर सोडत नसे. तरी आम्ही तो घालायचो, कारण तो टेरिलीनचा आहे हे समोरच्याला लांबूनही कळायचं.

रात्री दिवा मालवला आणि स्वेटर डोक्यावरून ओढला. तडतड तडतड असा आवाज झाला आणि माझ्या छातीवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या! मी "पेटलो! पेटलो!" असं ओरडत, डोकं स्वेटरातच ठेवून, दाराकडे धावलो. लोखंडी कडीला बोट लागलं मात्र, ती कचकन चावली. दार उघडलं तेव्हा समोर अख्खं सासर उभं होतं. मेहुणा पाण्याची बादली घेऊन तयार होता.

"बादली खाली ठेव," सासरे शांतपणे म्हणाले. "जावईबुवांना घर्षणविद्युत झाली आहे."

जणू मला गोवरच निघाला होता!

सासरे शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी तिथेच, रात्री दहा वाजता, तास घेतला. खिशातला कंगवा काढून स्वतःच्या केसांतून फिरवला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे टणाटण उडून कंगव्याला चिकटले. "ही काही नवी गोष्ट नाही," ते म्हणाले. "तृणमणी घासला की गवताची काडी ओढून घेतो, हे नावातच आहे त्याच्या. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणायचे. त्यावरूनच विजेला इंग्रजी नाव पडलं."

"पण मुंबईत असं कधी झालं नाही," मी स्वेटरातून डोकं बाहेर काढत म्हणालो.

"तुमच्या मुंबईची हवा दमट. प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा बारीक थर बसतो, त्यातून वीज निघून जाते. इथे कोरडी थंडी. जमलेलं जमूनच राहतं."

"मला किती व्होल्टचा बसला?"

"झटका जाणवला म्हणजे तीनेक हजार तरी असतीलच."

मी मटकन खालीच बसलो. घरातल्या दिव्याची वीज २३० व्होल्टची, आणि मी तीन हजारांतून बचावलो होतो! ते पुढे म्हणाले, "व्होल्ट पुष्कळ, पण माल थोडा. क्षणभरात संपतो." हे विजेबद्दल होतं की माझ्याबद्दल, हा प्रश्न मला आजही पडतो.

मग मुख्य धडा आला. जगातल्या वस्तूंत काही देणाऱ्या असतात आणि काही घेणाऱ्या. विल्के नावाच्या शास्त्रज्ञाने १७५७ साली त्यांची उतरंडच लावून ठेवली आहे. काच, केस, लोकर ही मंडळी देणारी. इलेक्ट्रॉन देतात आणि धनभारित होतात. प्लॅस्टिक घेणारं.

"आणि टेरिलीन?" मेहुण्याने विचारलं.

"घेणारं," सासरे म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. लोकर सासरची, टेरिलीन जावयाचं. मी मुकाट्याने तिळगूळ घेतला. म्हणजे तिथेही घेतलाच.

"एवढं घासलं म्हणून झालं का हे?" हिने विचारलं.

"घासण्याला उगाच मोठेपणा देतात. खरं काम स्पर्शाचं. घासल्याने तो जास्त ठिकाणी होतो, एवढंच. दोन वस्तू एकमेकींना चिकटून असतात तोवर काही कळत नाही. वेगळं करायला गेलं की कळतं, कोणाचं काय कोणाकडे राहिलं."

पुढे संसारात आमचं घर्षण यथासांग चालू राहिलं. पंख्याच्या वेगापासून मुलाच्या शाळेपर्यंत कशाचंही कारण पुरे. मात्र आम्ही राहायचो मुंबईत. हवा दमट. संध्याकाळपर्यंत सगळं निघून जायचं.

सासूबाई-सासरे गेल्यावर नागपूरचं घर रिकामंच होतं. गेल्या जानेवारीत ते विकायचं ठरलं आणि सामान आवरायला आम्ही दोघं गेलो. "बंद घराला वाळवी पोसण्यापेक्षा विकलेलं बरं," असं मी व्यवहारी सुरात बोलून गेलो. झालं! तीन दिवस अबोला. कोरडी हवा. जमलेलं जमूनच राहिलं.

शेवटच्या रात्री तर दिवेही नव्हते. मीटर काढून नेला होता. ट्रंकेत तो काळा स्वेटर सापडला होता. थंडी होती म्हणून मी तो घातला होता. आतला शर्ट आजच्या पद्धतीचा. पण लेबलावरचं पॉलिएस्टर म्हणजे आपलं टेरिलीनच. अंधारात स्वेटर डोक्यावरून ओढला आणि तडतड तडतड! पन्नास वर्षांपूर्वीच्याच निळ्या ठिणग्या.

पलीकडच्या काळोखातून आवाज आला, "बादली आणू का, जावईबुवा?"

मी हात पुढे केला. तिनेही केला असावा, कारण मधेच कुठेतरी चट्‌कन वाजलं आणि दोघंही एकदमच "आई गं!" म्हणालो. ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग पुष्कळ वेळ आम्ही त्या अंधारात बसून राहिलो.

सकाळी कुलूप लावून किल्ली नव्या मालकाला दिली. स्वेटर मात्र मी बरोबर घेतला.