तीन बोटी, एक सायकल

वर्सोव्याहून निघायचं, वसईला पोहोचायचं. वाटेत तीन खाड्या आणि एकीच्याही तोंडावर पूल नाही. सायकलवाल्यांनो, खरी गंमत तिथेच आहे!

वीकएण्ड आला की उपनगरातल्या पब्लिकपुढे तेच ते ऑप्शन्स. मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर लोणावळ्याच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये बसून वेफर्स खाणं. आणि तिकडे बाल्कनीत ती बिचारी सायकल. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेली, हल्ली टॉवेल वाळत घालायच्या कामाची. काढा तिला बाहेर आणि हवा भरा. अंधेरीच्या दारातून सुरू होणारा एक सॉल्लिड रूट आहे. त्यावर चढउतार आहेत, समुद्र आहे, जुनी चर्चेस आहेत, आणि शेवटी मराठ्यांनी जिंकलेला किल्लासुद्धा!

आधी नकाशा समजून घेऊ. उपनगराचा पश्चिम किनारा सलग नाही. मालाडची खाडी, मनोरीची खाडी आणि वसईची खाडी अशा तीन ठिकाणी तो तुटतो. मधल्या तुकड्यांवर पूर्वापार गावं वसली आहेत. गाडीने या गावांत जायचं तर लांबचा वळसा पडतो. सायकल मात्र उचलून बोटीत ठेवता येते. त्यामुळे हा किनारा सलग पाहायचा तर सायकलसारखी दुसरी सोय नाही.

पहिली बोट: वर्सोवा ते मढ

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून धक्क्यावर या. बोट सुटली म्हणेपर्यंत मढ येतं. रस्त्याने हेच अंतर वीसेक किलोमीटरचं! मढच्या टोकाचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे तो बाहेरूनच बघायचा. पुढे एरंगळच्या वाळूला लागून सोळाव्या शतकातलं सेंट बोनाव्हेंचर चर्च दिसतं. जानेवारीत इथे मोठी जत्रा भरते. तिला ख्रिस्ती जातात तसे कोळी आणि बाकीचे हिंदूही जातात. मग दाणापाणी, आक्सा करत मार्वे. एवढ्यात साधारण दहा किलोमीटर होतात आणि पायही मोकळे होतात. आक्साला मात्र पाण्यात उतरायचा मोह टाळा. तो किनारा बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे.

दुसरी बोट: मार्वे ते मनोरी

मनोरीला उतरलात की हॉर्नचा आवाज मागे पडतो. मनोरी, गोराई, उत्तन, चौक, पाली, डोंगरी, राई, मुर्धा अशी गावं असलेला हा भाग म्हणजे धारावी बेट. होय, धारावीच. पण सायन-माहीमच्या मधली ती धारावी वेगळी.

इथला रस्ता एकसुरी नाही. कधी शेताच्या बांधाला लागून, कधी ताडांमधून, तर कधी छोट्या टेकडीवर चढवणारा. एक गिअर खाली टाकायचा, दम खायचा, की लगेच उतार. घरांना पुढे ओटी, कौलारू छपरं आणि नाक्यानाक्यावर फुलं वाहिलेला क्रूस. इथल्या ईस्ट इंडियन मंडळींच्या नावावर जाऊ नका. ही इथलीच मूळ माणसं, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली आणि घरात मराठीचीच बोली बोलणारी. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ साली, इंग्रजांच्या राज्यात, आपली वेगळी ओळख राहावी म्हणून घेतलं.

गोराईजवळ विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसू लागतो. २००९ साली खुला झालेल्या या प्रचंड घुमटाला आत एकही खांब नाही. शेजारचं एस्सेलवर्ल्ड, जिथे आपल्या सगळ्यांच्या शाळेची एकतरी सहल गेली, ते मात्र २०२२ मध्ये बंद झालं.

उत्तनला पोहोचाल तेव्हा नाकच सांगेल, गाव आलं! बांबूच्या मांडवांवर बोंबलाच्या ओळी वाळत असतात. कोळणींची लगबग चालू असते. फोटो जरूर काढा, पण आधी विचारा. ते त्यांचं ऑफिस आहे, तुमचा सेट नव्हे.

आता थोडं वर, चौकच्या टेकडीवर. इथे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. फार काही शिल्लक नाही, पण उभं राहून समोर बघा. खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला! शाळेत चिमाजी अप्पांची वसईची मोहीम पाठ केली होती ना? १७३७ ते १७३९. तेव्हा पेपरात लिहिलेलं उत्तर इथे डोळ्यांसमोर दिसतं. ज्याच्या हातात ही टेकडी, त्याचा खाडीच्या तोंडावर डोळा. वसईला समुद्रातून येणारी रसद रोखायची तर धारावी हवीच. म्हणून मराठ्यांनी १७३९ मध्ये आधी ही जागा घेतली आणि मग मे महिन्यात वसई पडली. कुठलंही पुस्तक हे इतकं सोपं करून सांगत नाही.

तिसरी बोट: भाईंदर ते वसई

उत्तनहून डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा करत मिठागरांच्या कडेने भाईंदर पश्चिमेला यायचं. पूर्वी या राइडचा दी एण्ड इथेच व्हायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रोरो सेवा सुरू झाली आणि रूट एकदम लांबला. सायकल ढकलत बोटीवर चढायचं, रेलिंगला टेकून उभं राहायचं, पाणी प्यायचं. पंधराएक मिनिटांत समोर वसईच्या किल्ल्याचा धक्का.

१५३४ ते १७३९ अशी दोनशेहून जास्त वर्षं हे पोर्तुगीजांचं तटबंदीतलं शहर होतं. पसारा सुमारे ११० एकरांचा. चर्चच्या भिंतींतून वडाची मुळं उतरलेली, जमिनीत कोरीव थडगी. जपानमध्ये १५९७ साली हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. आणि तुम्ही कोल्डप्लेचे फॅन असाल तर 'हिम फॉर द वीकएण्ड'च्या व्हिडिओत हे अवशेष आधीच पाहिले आहेत! किल्ला पडल्यावर इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा त्यातलीच. म्हणजे गोदाकाठी आपण ज्या घंटेकडे मान वर करून बघतो, ती मुळात इथल्या चर्चमध्ये वाजायची.

पायांत जोर असेल तर किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत आणखी वीसेक किलोमीटर आहेत. गिरीज, निर्मळ असं करत केळीच्या बागांमधून, विहिरींच्या कडेने जाता येतं. वाटेत सुकेळी मिळाली तर सोडू नका. राजेळी केळ्यांची ही वाळवलेली गोड चीज कुठल्याही एनर्जी बारच्या तोंडात मारेल अशी! ही हिरवाई आपोआप राहिलेली नाही, हेही लक्षात असू द्या. ती वाचावी म्हणून इथल्या माणसांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत 'हरित वसई'चा लढा दिला. हेच फादर पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले.

पूल आला की...

आता जरा सीरियस. या रूटची सगळी जादू एका उणिवेवर उभी आहे. पूल नाहीत म्हणून गाड्या कमी, गाड्या कमी म्हणून गावं अजून गावं. पण ही स्थिती फार काळ राहील असं दिसत नाही. वर्सोवा-मढ पूल महापालिकेच्या योजनेत आहे. उत्तन-विरार सागरी सेतूचा आराखडा आहे. डोंगरीत मेट्रो-९ च्या कारशेडसाठी हजारो झाडांवर कुऱ्हाड पडणार म्हणून गावकरी आंदोलन करत आले आहेत. २००० नंतरच्या दशकात याच पट्ट्यात पर्यटनाचा एसईझेड येणार होता. गावांनी कडाडून विरोध केला आणि तो बेत बारगळला. दर खेपेला तसंच होईल याची गॅरंटी कोण देणार?

आणि दुसरी बाजूही ऐका. आपल्याला जी बोट रोमँटिक वाटते, तिच्यावर मढ-मनोरीच्या माणसाचं रोजचं ऑफिस अवलंबून आहे. रात्री कुणाला हॉस्पिटलात न्यायचं झालं तर बोट नसते, असतो तो लांबचा वळसा. म्हणून 'पूल नकोच' असं बोरिवलीच्या पंधराव्या मजल्यावरून म्हणणं सोपं आहे. खरा प्रश्न असा की पूल आला तर पाठोपाठ टॉवर यायलाच हवेत का? सायकलवाले आणि चालणारे यांच्यासाठी त्यावर जागा असेल का? बोंबील वाळवायचे मांडव राहतील का? याची उत्तरं गावांना विचारून ठरली पाहिजेत. आपण निदान गाव पाहून मत बनवू या. सायकलच्या वेगाने गेलं की माणसं दिसतात. एकदा माणसं दिसली की नकाशावरच्या रेघा नुसत्या रेघा राहत नाहीत.

कसं जाल?

- अंतर: वर्सोवा ते भाईंदर साधारण ३० ते ३५ किलोमीटर. नवशिक्यांनी भाईंदरलाच थांबावं.
- बोरिवलीकरांनी गोराईच्या धक्क्यावरून थेट बोट घ्यावी, म्हणजे मढचा टप्पा वाचतो. मुलुंड-घाटकोपरकरांनी जेव्हीएलआर उजाडायच्या आत पार करावा. पुढे-मागे दिवे आणि हेल्मेट मस्ट!
- सीझन: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात बोटी रद्द होऊ शकतात. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.
- लवकर निघा. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि उत्तरेकडे जाताना तोंडावर येतो.
- जवळ ठेवा: पंक्चर किट, जादा ट्यूब, दोन बाटल्या पाणी आणि सुटे पैसे.
- परतीला हायवेच्या वाटेला जाऊ नका, रोरोनेच या.
- घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने पुसून तेल द्या. खारा वारा लोखंडाला सोडत नाही.