वेरूळ-अजिंठा : गाडी की एस.टी.?

छत्रपती संभाजीनगरला उतरलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न हिशेबाचा असतो : भाड्याची मोटार की एस.टी.? दोन्ही लेण्यांसाठी उत्तर एकच नाही.

अजिंठा शंभरेक किलोमीटरवर; पण मोटार फर्दापूरच्या फाट्यापर्यंतच. भित्तिचित्रांना धुराची बाधा होऊ नये म्हणून पुढचे 4 किलोमीटर महामंडळाच्या बसनेच जावे लागते. दिवसभराचे भाडे मोजलेली मोटार तोवर वाहनतळावर उभी! जळगावकडे जाणारी साधी बसही प्रवाशाला त्याच फाट्यावर उतरवते.

वेरूळ अवघे 30 किलोमीटर. तेथे मात्र मोटारीचे भाडे सार्थकी लागते. सामुदायिक सहलीचा वेळ बहुधा 16 क्रमांकाच्या कैलास लेण्यातच सरतो. जैन लेणी, क्रमांक 30 ते 34, तेथून उत्तरेस दीड-दोन किलोमीटरवर. इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर आम्रवृक्षाखाली सिंहवाहिनी अंबिका बसली आहे. तिचे दर्शन न घेताच कित्येक जैन कुटुंबे परततात, ही खेदाची गोष्ट. वाहन आपल्या वेळेचे असले, की सकाळीच उत्तरेकडून आरंभ करता येतो, आणि चौविहार पाळणारे ज्येष्ठ सूर्यास्तापूर्वी भोजनास परततात.

मोटार ठरवण्यापूर्वी वार पाहावा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.