बालेकिल्ल्यावरच्या बाई

मुलांनो, राजगड पाहिलाय ना? पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या अन् मधोमध उंच बालेकिल्ला. सहलीत आमच्या दोन तुकड्या होत्या आणि वॉकीटॉकी तीन. मोबाइलला रेंज नव्हती.

दुपारी संजीवनीवर एकाचा पाय मुरगळला. क्रेप बँडेज माझ्या पिशवीत, आणि मी सुवेळेवर! माझ्या सेटवर नुसती तुटक खरखर. मला वाटलं, बॅटरी गेली. पण मध्ये बालेकिल्ला आडवा होता. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, एवढा कातळ त्यांना ओलांडवत नाही. दुकानात खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या जागेचे असतात बरं का! (परवाना न लागणाराच सेट मागा.)

तिसरा सेट बालेकिल्ल्यावरच्या बाईंकडे होता. त्यांना दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"सर, पट्टी घेऊन संजीवनीवर जा. ओव्हर."

ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. दोघांनी एकदम बटण दाबलं तर सगळाच गोंधळ.

"निघालो. त्याला चालू देऊ नका. ओव्हर."

पाऊण तासाने पोचलो, तर स्वारी दगडावर बसून चिक्की खात होती.