मऊ चीज: नाकाला कळते ते आणि न कळणारे

गेल्या रविवारी धरमपेठेतल्या एका दुकानातून मी ब्रीच्या जातीचे मऊ चीज आणले. मुंबईत हल्ली असे चीज छान बनते. तिथल्या एका छोट्या उत्पादकाने तर त्याला ‘बॉम्ब्री’ असे नाव दिले आहे. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवले की चव खुलते. नागपूरच्या उन्हाळ्यात दहा मिनिटे पुरे.

वरची पांढरी साल म्हणजे मुद्दाम वाढवलेली बुरशी. ती खाता येते. मश्रूमसारखा वास आला तर चीज जमले आहे. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ते फार मुरले. काळे-गुलाबी डाग दिसले तर पूर्ण टाका. कडक चीजसारखा खराब भाग कापून उरलेले खाऊ नका, कारण मऊ चीजमध्ये पाणी जास्त असते आणि बुरशी आतपर्यंत पोचते.

माझे चीज या सगळ्या परीक्षांत पास झाले. तरी सातवा महिना लागलेल्या पुतणीने हात पुढे केला तेव्हा मी ताटली ओढली. “काका, तुम्ही स्वतः खाताय की!” ती रागावली.

कारण लिस्टेरिया. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि वास, चव, रंग काहीच बदलत नाही. 1985 मध्ये लॉस एंजेलिस भागात मऊ चीजमधून त्याची साथ पसरली. 142 रुग्णांपैकी 93 गर्भवती किंवा त्यांची बाळे होती, आणि 30 बाळे पोटात किंवा जन्मानंतर दगावली. आईला नुसता फ्लूसारखा ताप येतो, तोही कधी कधी खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनी. म्हणून गरोदरपणी ताप आला तर काय खाल्ले होते हेही डॉक्टरांना सांगा; वेळेत कळले तर साध्या अँटिबायोटिकने उपचार होतो.

लेबलवर ‘पाश्चराइज्ड’ आहे का ते नक्की बघा. कच्च्या दुधाचे चीज कोणीच घेऊ नये असे माझे मत आहे. आपल्याकडे ब्रुसेलोसिसही आहे. पण दूध तापवल्यानंतरही कारखान्यात किंवा दुकानाच्या सुरीवरून जंतू शिरू शकतो. म्हणून गर्भवती, साठीपुढचे, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड घेणारे यांनी असे चीज थंड खाऊ नये. वाफ येईपर्यंत आतून गरम केले तर चालते.

पुतणीचा वाटा मी ओव्हनमध्ये बुडबुडे येईपर्यंत ठेवला. पावाला लावून खाल्ल्यावर ती म्हणाली, गरमच जास्त चांगले लागते. मला काही पटले नाही.