चुरगळायची जागा

टकरीत रेल्वेचा डबा मोडू नये, अशी लोकांची समजूत. आमचं काम बरोबर उलटं: तो कुठे मोडावा, हे आधीच ठरवून ठेवायचं. 40 टनांचा डबा ताशी 36 किलोमीटरने जाऊन अडला, तर 20 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. टोकाचा एक मीटर चुरगळत ती जिरली, तर डब्याला सरासरी 5 जीचा, म्हणजे गुरुत्वाच्या पाचपट, धक्का बसतो. युरोपचं ईएन 15227 मानकही साधारण तिथेच रेघ ओढतं. मीटरऐवजी अर्धाच मिळाला, की धक्का दुप्पट.

त्या मीटरसाठी काय खटाटोप! पोलादी नळी सरळ दाबली तर आधी हटून बसते आणि मग एकदम वाकडी होते. म्हणून तिच्या तोंडाशी मुद्दाम खाच पाडायची. तिथून पहिली घडी पडते, मागोमाग दुसरी, आणि नळी साडीच्या निऱ्यांसारखी बसत जाते. चाचणीनंतर अशी नळी हातात घेऊन न्याहाळायला मला अजून आवडतं.

जुन्या आयसीएफ डब्यांत बफर चुकले, की एका डब्याची चासी दुसऱ्यावर चढून थेट माणसांत घुसायची. नव्या एलएचबी डब्यांच्या मधल्या कपलरने ते चढणं बरंच रोखलं. पेरांबूरहून शेवटचा आयसीएफ डबा जानेवारी 2018 मध्ये निघाला. पण 2 जून 2023 ला बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेस ताशी 128 किलोमीटरच्या वेगात मालगाडीवर आदळली, तेव्हा डबे एलएचबीचेच होते. वेग आमच्या 36 च्या साडेतीनपट, तर ऊर्जा साडेबारापट. तिथे आमचा हिशेब संपतो, सिग्नलवाल्यांचा सुरू होतो.

मला टोचतं ते वेगळंच, आणि भिवंडीजवळच्या राहनाळला आलो की जास्त. दिवा-वसई मार्ग इथून जवळ, भिवंडी रोड स्टेशनही. गोदामांत हमाली करणारी पोरं सणाला गावी निघतात ती जनरल डब्यातून. आमच्या नकाशात संडास, बेसिन आणि दाराजवळची जागा ‘रिकामी’ धरलेली असते. चुरगळायला हमखास तीच देतात. ही पोरं तिथेच, संडासाला पाठ टेकून, बॅगेवर बसलेली.

उपाय नाही असं नाही. चुरगळायचा भाग दाराच्याही पुढे सरकवता येतो. पण एलएचबीच्या सांगाड्याची लांबी 23.54 मीटर ठरलेली. पुढे घेतलेला प्रत्येक हात बाकांमधून जातो, आणि जनरल डब्यातलं बाक कमी करा म्हटलं की बैठकीत सगळे माझ्याकडेच बघतात.