आमच्या गाडीतली चिमणी

मराठीच्या तासाला सरांनी अनुकरणवाचक शब्द शिकविले, तेव्हा या शब्दांचा आयुष्यात कधी काही उपयोग होईल असे मला मुळीच वाटले नव्हते. खडखड, कुरकुर, घरघर, गुणगुण. परीक्षेत पाच उदाहरणे लिहायची आणि मोकळे व्हायचे, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. पण गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या जीपने जो आवाज सुरू केला, त्याने मला या शब्दांकडे पुन्हा वळविले. आणि त्यातून शेवटी जे कळले, ते जीपविषयी थोडे आणि आबांविषयी फार होते.

आबा म्हणजे माझे वडील. गेली २२ वर्षे ते वाई ते पाचगणी वडाप करतात. जीप जुनी, डिझेलची. पुढे तिघे, मागे समोरासमोर बसलेली माणसे, त्यांच्या पायाशी दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, क्वचित एखादे कोकरू. पसरणीच्या घाटातले प्रत्येक वळण आबांना पाठ आहे. गाडीचा आवाज जरा बदलला की त्यांना कळतो, अशी त्यांची ख्याती होती आणि त्यांना तिचा अभिमानही होता. म्हणूनच मागे बसणारी शाळेची पोरे जेव्हा म्हणू लागली, "आबा, तुमच्या गाडीत चिमणी बसलीय," तेव्हा ते नुसते हसले. पोरांची थट्टा, दुसरे काय!

चिमणी मात्र खरीच होती. गाडी हळू चालू लागली की मागच्या बाजूने चिव् चिव् चिव् असा आवाज यायचा. वेग वाढला की चिमणीची घाई वाढायची आणि मग इंजिनाच्या गोंगाटात ती बुडून जायची. मला ऐकू आली, आईलाही ऐकू आली. मी आबांना सांगितले, तर म्हणाले, "मला कसं येत नाही ऐकू? गाडी कोन चालवतंय, तू का मी?" यावर बोलणे खुंटले.

तीन महिन्यांनी चिमणी गेली आणि तिच्या जागी हातोडा आला. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलली की खट्ट! पाय काढून पुन्हा दाबला की खट्ट! चाळीसच्या पुढे तर पायाखालचा पत्रा थरथरायचा. हा आवाज मात्र आबांना ऐकू आला. माणसे बिचकू लागली; दोन-तीन नेहमीची गिऱ्हाइके दुसऱ्या गाडीत बसताना आम्ही डोळ्यांनी पाहिली.

साताऱ्याच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने पुढे बसून एक चक्कर मारली आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल, २०,००० तरी धरून चाला, असे सांगितले. परतीच्या वाटेवर आबा बराच वेळ गप्प होते. वाई आली तेव्हा म्हणाले, "तुझं एम.ए. एक वर्ष पुढं ढकललं तर चालंल का?" मी "चालेल" म्हटले. दुसरे काय म्हणणार?

पण आईने हट्ट धरला की एकदा मामांना दाखवा. मामा म्हणजे आमच्या आळीतले जुने मिस्त्री. साऱ्या गावाचे मामा. वय झाल्यामुळे त्यांनी काम जवळजवळ सोडले आहे. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी मलाच विचारले, "आवाज कसा येतुया? करून दाखीव." मी ओशाळलो. मग आठवला सरांचा तास! मी आधी चिवचिव केले, मग खट्ट केले. मामा खूश झाले. म्हणाले, "घूं घूं असता तर डिफ्रन्शियल म्हनलो असतो. घरघर असती तर चाकाचं बेअरिंग. पन आधी चिवचिव आन् मग खट्ट म्हंजी निराळी गोष्ट. चल, बघू." ज्या शब्दांना मी पाच उदाहरणांपुरते ओळखत होतो, त्यांच्यावर या माणसाचे सारे निदानशास्त्र उभे होते.

मेणवलीच्या सपाट रस्त्यावर आम्ही गाडी काढली. मामा पुढे बसले नाहीत, मागे बसले. "पुढं बसणाऱ्याला इंजिन ऐकू येतं, गाडी न्हाई," असे त्यांचे म्हणणे. त्यांनी आबांना तिसाच्या वेगावर गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिन मंदावले, पण थरथर चालूच राहिली. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. मग तोच वेग एकदा तिसऱ्या गिअरमध्ये आणि एकदा चौथ्यात. आवाजाचा ठेका तोच राहिला, म्हणजे गिअरच्या दात्यांचा दोष नव्हे. मग गाडी डावीकडे, उजवीकडे झुलविली; वळताना भार एका बाजूच्या चाकावर जातो, तेव्हा बेअरिंग खराब असेल तर आवाज बदलतो. तो बदलला नाही. शेवटी त्यांनी ठेका बोटांवर मोजला. चाकाच्या एका फेऱ्याला आवाज चार-पाच वेळा येत होता. आणि चाक एकदा फिरते तेव्हा चार-पाच वेळा फिरते अशी वस्तू गाडीत एकच, गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत जाणारा लांब शाफ्ट.

गाडी थांबवून चाकांना दगड लावले. आमच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टच्या तोंडाशीच आहे. तो ओढून मामा खाली सरकले आणि शाफ्ट हाताने पिळू लागले. मलाही खाली बोलावले. पुढच्या जोडाशी, जिथे शाफ्ट क्रॉसवर वळतो, तिथे तो बोटभर हलत होता आणि टोपीभोवती तांबूस भुकटी जमली होती. ग्रीसची निपल चिखलाने बंद झाली होती. पावसाळाभर पाणी आत गेले, सुयांसारखी बारीक बेअरिंगे कोरडी पडली, गंजली आणि झिजून पीठ झाली. कोरडी होती तोवर चिवचिव. झिजली तेव्हा खट्ट.

मामा बाहेर आले आणि आबांकडे पाहून शांतपणे म्हणाले, "घाट उतरताना हा तुटला असता तर इंजिनाची रोख गेली असती, हँडब्रेकबी गेला असता. आन् पुढचं टोक रस्त्यात रुतलं असतं तर गाडी उलथी. किती मानसं असत्यात गाडीत?" आबांनी उत्तर दिले नाही. मला शाळेची पोरे आठवली.

जुना शाफ्ट काढण्यापूर्वी मामांनी छिन्नीने दोन्ही बाजूंना खुणा केल्या. शाफ्टच्या दोन टोकांचे 'कान' एका रेषेत बसले नाहीत तर गाडी पुन्हा थरथरते. तिरप्या जोडातून फिरताना गती एकसारखी राहत नाही, कमी-जास्त होते. पुढच्या जोडाने केलेली चूक मागचा जोड पुसून टाकतो, पण दोघांची दिशा जुळली तरच. पुढे आपल्या ग्रंथालयात वाचताना कळले की या जोडाला सोळाव्या शतकातला इटालियन गणिती कार्दानो याचे नाव आहे. मामांना कार्दानो ठाऊक नाही, पण त्यांचे काम त्याच्यावाचून अडले नाही. दोन क्रॉस, ग्रीस आणि मजुरी मिळून १,८०० रुपये झाले. माझे एम.ए. वाचले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पैसे देताना मामांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, "तीन महिनं गाडी वरडत हुती. तुझ्या बापाला कसं कळलं न्हाई?" मग स्वतःच म्हणाले, "कान दाखव त्याचं."

आबा आधी रागावले. आईने मनधरणी केली तेव्हा साताऱ्याला तपासणीला आले. डॉक्टरांनी एक आलेख दाखविला. जाड आवाजांची रेघ सरळ होती आणि बारीक आवाजांकडे जाताना ती घाटासारखी खाली उतरली होती. अनेक वर्षे मोठ्या आवाजात राहिलेल्या माणसाचे कान आधी बारीक, तीक्ष्ण आवाजांना बंद होतात. आणि आतल्या ज्या पेशी गेल्या त्या पुन्हा येत नाहीत. 'स', 'श' यांसारखी व्यंजने, बायकामुलांचे बोलणे पहिल्यांदा निसटते. बोललेले ऐकू येते, पण कळत नाही.

मी त्या आलेखाकडे पाहत राहिलो. धाकटी बहीण काही सांगायची आणि आबा नुसते "हं" म्हणायचे. मी कॉलेजातल्या गोष्टी सांगायचो आणि ते भलतेच उत्तर द्यायचे. आम्ही समजत होतो की त्यांना आमच्यात रस नाही. त्या जीपने आम्हाला पोसले, आणि त्यापायी त्यांनी काय दिले ते आमच्या कुणाच्या लक्षात आले नव्हते.

घरी येताना आबांनी एकच प्रश्न विचारला, "चिमनी खरंच हुती का रं?" मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणालो, "होती, आबा."

आता दर रविवारी सकाळी आबा गाडी मेणवलीच्या रस्त्यावर काढतात आणि मला मागे बसवितात. न्यूट्रल करतात, गिअर बदलतात, डावीउजवीकडे झुलवितात. मग मान वळवून विचारतात, "येतुया का काय ऐकू?" मी डोळे मिटून नीट ऐकतो आणि जे ऐकू येईल ते खरे सांगतो. कानाच्या यंत्रासाठी आम्ही पैसे साठवीत आहोत. तोवर त्यांच्या गाडीचे बारीक आवाज माझ्याकडे आहेत.