नीरेकाठापासून घोघ्याच्या धक्क्यापर्यंत

वालचंदनगरपासून समुद्र दूर आहे; तरीही या गावाचे जहाजांशी नाते जुने आहे. ज्या शेठ वालचंद हिराचंद यांनी नीरेकाठी कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वसाहत उभी केली, त्यांच्याच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्यांनी विशाखापट्टणम येथे स्थापन केलेल्या गोदीतून १९४८ साली ‘जलउषा’ पाण्यात उतरली. अशा गावात राहून आपण कधी जहाजात पाऊल ठेवले नाही, ही खंत मला होती. आणि सौभाग्यवतींच्या मनात पालिताणा होते. सुरतजवळच्या हजिऱ्याहून सौराष्ट्रातील घोघ्याला वाहनांसह नेणारे जहाज सुटते, हे कळल्यावर दोन्ही इच्छांना एकच रस्ता मिळाला.

यात्रासंघाच्या बसने जावे, असे मुलांचे म्हणणे होते. परंतु सौ. सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, कंदमूळ खात नाहीत आणि पाणी गाळूनच पितात. बस उशिरा पोहोचली की त्यांना उपवास घडतो. म्हणून एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात दोन बाके, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. कॅनडातील निवृत्त जोडपी असे मोटारघर घेऊन नॉर्थ सिडनीहून जहाजाने न्यूफाउंडलंड बेटावर जातात. आमचे घर त्या मानाने फारच लहान. पण स्वयंपाकघर स्वतःचे होते, हे महत्त्वाचे. कॅलेंडरमधील सूर्यास्ताची वेळ हेच आमचे वेळापत्रक ठरले.

संक्रांतीनंतर आम्ही निघालो. गळिताचा हंगाम चालू असल्याने बारामतीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागून सावकाश जावे लागले. दौंडला भीमा ओलांडली, अहिल्यानगर मागे टाकले, कोल्हारला प्रवरा आणि कोपरगावला गोदावरी लागली. ऊस, मग कांदा, मग डाळिंब असा जमिनीचा हिशोब बदलत गेला. पीककर्जाची प्रकरणे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा रस्ता उघड्या खातेवहीसारखा वाटतो. मालेगावजवळचे रावळगाव हेही वालचंद शेठजींच्याच साखर उद्योगाचे गाव. तेथून सटाणा, ताहाराबाद करीत मांगीतुंगीच्या पायथ्याशी मुक्काम केला. डोंगरात कोरलेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच मूर्तीची प्रतिष्ठापना २०१६ साली झाली. सकाळच्या उन्हात ती पाहून सौ. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

खरी कसोटी त्याच दिवशी लागली. दर्शन आणि विश्रांती करून दुपारी उशिरा निघालो. पिंपळनेरहून नवापूरकडे जाताना चरणमाळ घाटात पुढे एक मालट्रक बंद पडला आणि वाहनांची रांग लागली. सूर्य डोंगराला टेकत आला होता. माझी चुळबूळ पाहून सौ. म्हणाल्या, “अहो, आज राहिले तरी चालेल, घाटात घाई करू नका.” मी गाडी कडेला घेतली, मागची दारे उघडली आणि सकाळी केलेले ठेपले व मुगाची उसळ काढली. मागच्या ट्रकचा चालक उतरून चौकशीला आला, त्यालाही चार ठेपले मिळाले. सूर्य मावळण्यापूर्वी ताटे धुऊन झाली होती. रांग हलली तेव्हा अंधार पडला होता. पण आता आम्हाला घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी व्यारा, बारडोली या मार्गाने सुरत गाठली आणि तापी ओलांडून हजिऱ्याकडे वळलो. सडकेने खंबातच्या आखाताला वळसा घालून घोघ्याला जावयाचे तर सुमारे ३७० किलोमीटर, समुद्रातून ९०. म्हणजे २८० किलोमीटर वाचतात. आमची गाडी लिटरला दहा किलोमीटर देते. तेव्हा २८ लिटर डिझेल वाचते. वाहनाच्या तिकिटानंतर पैशांची बचत फारशी उरत नाही. वाचतो तो दिवस. सडकेचे दहा-बारा तास जहाजात चारांवर येतात. म्हणूनच सुरतेच्या हिरे आणि कापड व्यवसायात स्थिरावलेल्या भावनगर-अमरेलीकडील कुटुंबांना ही सेवा सोयीची वाटते.

यापूर्वी २०१७ साली घोघा-दहेज अशी फेरी सुरू झाली होती. परंतु गाळामुळे पाण्याची खोली पुरेना आणि ती बंद पडली. हजिऱ्याची सेवा ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. त्या वेळच्या ‘व्हॉयेज सिम्फनी’ जहाजाची क्षमता ३० ट्रक, १०० मोटारी आणि ५०० प्रवासी एवढी सांगण्यात आली होती. आम्ही मुद्दाम सकाळची फेरी निवडली, म्हणजे जेवणाची वेळ सांभाळता येते. कर्मचाऱ्याच्या हातवाऱ्यांकडे पाहत मी गाडी जहाजाच्या पोटात चढवली. जबाबदारी एवढ्या अरुंद जागेत पार पाडण्याचा प्रसंग बँकेतही क्वचितच आला असेल. गाडी खाली ठेवून, डबा हाती घेऊन आम्ही वर गेलो.

खंबातच्या आखाताचे पाणी निळे नाही. नद्यांनी आणलेल्या गाळाने ते चहासारखे दिसते, आणि इथल्या भरती-ओहोटीचा फरक देशातील सर्वांत मोठ्यांपैकी आहे. दोन्ही किनारे दिसेनासे झाले तेव्हा सौ. म्हणाल्या, “आपल्या गावाच्या शेठजींनी हे सारे किती आधी पाहिले होते!” शेजारच्या बाकावरील सुरतेच्या एका आजींशी त्यांच्या गुजरातीतून गप्पा रंगल्या. लंकेची नवरी आणि घोघ्याचा नवरा, ही तिकडची म्हण त्या आजींनी सांगितली. एके काळी या बंदराची सोयरीक किती दूरवर पोहोचत असे, याचीच ती साक्ष.

घोघ्याहून भावनगरमार्गे पालिताणा दोन तासांच्या आत येते. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत, गुडघ्यांमुळे सौ.नी डोली केली, मी पायी गेलो. यात्रेस जाणाऱ्या वाचकांनी इतके ध्यानात ठेवावे: चातुर्मासात डोंगरावरील यात्रा बंद असते, जहाजाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी आणि सोबत दोन वेळचा डबा असावा. बसने जावे की स्वतःच्या गाडीने, हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर आहे. आमचे म्हणाल, तर परतीची तिकिटे सौ.नी घोघ्याला उतरतानाच काढून घेतली; अर्थात, सकाळच्या फेरीची.